कीबोर्डवरच्या अक्षता

सुलेखाबाईंचा विश्वास बसायला वेळ लागतो. भाजीवाल्यानं "गोड हाय मावशी" म्हटलं की त्या आधी वाटाण्याची शेंग सोलून दाणे तोंडात टाकतात आणि मग पिशवी पुढं करतात. गॅसचं सिलेंडर आलं की दारातच त्याच्या तोंडाला पाणी लावून बुडबुडे येतात का बघतात. देवावर मात्र विश्वास आहे, तोही गाजावाजा न करता. सकाळी दिवा लावायचा, कर्णपुऱ्याच्या देवीच्या अक्षतांची पुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे ना ते चाचपायचं, आणि मुकुंदवाडीच्या नाक्यावरून शेअर रिक्षा धरायची. जुन्या शहरात, जाफर गेटच्या अलीकडच्या गल्लीत दाऊदभाईंचा हिमरू शाली विणायचा कारखाना आहे. तिथं खिडकीखाली एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर सुलेखाबाईंनी स्वतः शिवलेली गोधडीची बैठक आहे, आणि त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालत नाही.

खुर्ची त्यांना सहज मिळालेली नव्हती. नवरा गेला तेव्हा सुयश शाळेत होता आणि घरात सासूबाई होत्या, लक्ष्मीबाई. दौलताबादचं घर सुटल्यावर म्हातारी मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत आली ती कायमची बावरलेली. काही आठवायचं नाही, आणि जे आठवायचं त्यात सुनेचे दोषच जास्त. "सून मला शिळं पाणी पाजते," असं त्यांनी गल्लीत घरोघर सांगितलं होतं. अशा दिवसांत एका लग्नात दाऊदभाईंच्या आईनं सुलेखाबाईंनी काढलेली ठिपक्यांची रांगोळी पाहिली आणि निरोप धाडला, चौकोनी कागदावर रंग भरायचं काम आहे, करशील का.

काम असं होतं. हिमरूच्या शालीवर जी वेलबुट्टी उठते ती आधी चौकोनी कागदावर काढायची. तोच नक्षा. त्या नक्ष्याप्रमाणं पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. पत्त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढते, आणि जिथं भोक असेल तिथला हूक आपला धागा उचलतो. एक भोक चुकलं तर फुलाची पाकळी तुटते, आणि तुटलेली पाकळी गिऱ्हाइकाच्या आधी विणकराला दिसते.

पुढं कॉम्प्युटर आला आणि भोकं पाडणारं मशीन त्याला जोडलं. कारागीर लांबून बघायचे. कंपनीचा माणूस चार दिवस शिकवून गेला तो पुन्हा आला नाही, मग ती कंपनीच बंद पडली. शिकल्या त्या एकट्या सुलेखाबाई. पडद्यावर सगळं इंग्रजी होतं, पण कुठल्या अक्षराचा आकार कसा आणि त्यानंतर काय होतं, एवढं लक्षात ठेवायचं त्यांना रांगोळीसारखंच जमलं.

गेल्या वर्षी तो कॉम्प्युटर गेला. आधी पंखा घरघरला, मग जळका वास आला, मग पडदा काळा. सुलेखाबाईंनी त्याला कुंकू लावलं, नमस्कार केला, आणि दाऊदभाईंना म्हणाल्या, "गेला ओ."

दाऊदभाईंनी पुतणीला बोलावलं. झेबा पुण्याची नोकरी सोडून आलेली, इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली डिस्क काढून घरी नेली आणि काही दिवसांनी एक नवं मशीन घेऊन आली.

"डिस्क शाबूत आहे, काकू," ती म्हणाली. "पण हा प्रोग्राम जुन्या लिनक्ससाठी बनवलेला. आजच्या लिनक्सवर तो उभाच राहीना. म्हणून मी याला फ्रीबीएसडीवर चालवते."

"ते काय असतं?"

"लिनक्ससारखीच, मशीन चालवणारी मूळ यंत्रणा. दोन्ही युनिक्सच्या जुन्या घराण्यातली. चुलत घर समजा. बोली जरा वेगळी. पण याच्यात एक सोय आहे. लिनक्सचा प्रोग्राम काही मागायला लागला की हे ओळखतं, हा तिकडचा पाहुणा आहे. मग त्याला त्याच्याच बोलीत उत्तर देतं. त्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

सुलेखाबाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हंजी फसवायचं त्याला."

"फसवायचं नाय काकू. सांभाळून घ्यायचं."

"त्याला खरं काय ते सांगत नाय ना? मग झालं की फसवणंच."

झेबा हसली. दाऊदभाईही हसले. सुलेखाबाई हसल्या नाहीत.

जाता जाता दाऊदभाईंनी पुतणीला एकच गोष्ट बजावली, "देख बेटा, पुराना एक चीज भी फेंकना नक्को." त्यांच्या कारखान्याची ती रीतच आहे. नक्षा टाकून द्यायचा नाही. गेलेल्या कारागिरांच्या पत्त्यांच्या माळा सुतळीनं बांधून वरच्या फळीवर ठेवलेल्या असतात, उंदरानं कुरतडलेल्यासुद्धा. ज्याचा हात होता तो गेला, त्याचं काम तरी राहू दे, असं दाऊदभाईंचे वडील म्हणायचे.

नवं मशीन सुरू झालं. तोच निळा पडदा, तेच चौकोन, भोकं पाडायला दिल्यावर होणारा तोच बारीक आवाज. सगळं अगदी तसंच होतं, आणि नेमकं तेच सुलेखाबाईंना खटकलं. गेलेल्या माणसाचे कपडे घालून कुणी दारात उभं राहावं, तसं त्यांना वाटत राहिलं. पहिले काही आठवडे त्या प्रत्येक पत्ता खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या. चूक सापडली नाही. चूक सापडत नाही याचाही त्यांना संशय यायचा.

त्यात एक दिवस त्या चहाचे कप विसळायला मागच्या मोरीत गेल्या असताना दाऊदभाईंचा आवाज आला. ते झेबाला सांगत होते, "सीख ले बेटा, बाईके हाथ का काम. कल को वो नै आई तो?"

सुलेखाबाईंनी नळ बंद केला नाही. कप विसळून झाले होते तरी पाणी चालूच ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी झेबा स्टूल ओढून शेजारी बसली. "काकू, मला पण शिकवा ना नक्षा काढायला."

"तुला कॉलेज हाय की."

"सुट्टीच्या दिवशी येईन."

"सुट्टीच्या दिवशी मी येत नसते, झेबा मॅडम."

तेव्हापासून झेबा त्यांच्या तोंडी मॅडम झाली. आधी बेटा होती.

दिवाळीनंतर हैदराबादच्या व्यापाऱ्यानं दोन्ही बाजूंना काठ असलेल्या शाली मागितल्या. इतके दिवस एकाच बाजूला काठ असायचा. मागावरचे सगळ्यात जुने विणकर बन्सीभाऊ. त्यांनी दोन दिवस मान मोडून हूक नव्यानं बांधले. सुलेखाबाईंच्या वाट्याचं काम सोपं होतं. कुठले हूक काठाचे आणि कुठले मधल्या अंगाचे, हे प्रोग्रामला सांगणारी एक छोटी फाईल असते, मागाची फाईल. खालच्या पट्टीवरचं कागदाचं चित्र दाबलं की ती उघडते. त्यांनी उघडली, उजव्या काठाचे हूक लिहिले, जपून ठेवली, आणि पत्ते पाडले.

बन्सीभाऊंनी माळ चढवली, वीतभर विणलं आणि मागाचा खटका थांबवला.

"बाई, इकडं या जरा. उजवा काठ आलाच नाय. बुट्टी पार कडेला जाऊन तुटली."

सुलेखाबाईंनी बघितलं. खरंच, उजवीकडं काठ नव्हताच. त्यांनी जाऊन फाईल उघडली. फाईल बरोबर. पुन्हा पत्ते पाडले. पुन्हा तेच.

"दुसरा पुठ्ठा पण गेला वाया," बन्सीभाऊ म्हणाले. ते वाईट बोलत नव्हते, पण त्यांचा आवाज मागावर बसून बसून मोठाच झालेला.

दाऊदभाई आतून आले. तुटकी बुट्टी बोटानं चाचपली आणि हळूच म्हणाले, "बाई, चष्म्याचा नंबर एकदा बघून घ्या." ते मायेनंच म्हणाले असतील. पण सुलेखाबाईंना मोरीतला नळ आठवला. कल को वो नै आई तो.

रिक्षात त्यांनी सगळं जुळवून पाहिलं. फाईल आपण लिहिली ती बरोबर आहे. पत्ते निघतात ते चूक. म्हणजे मधे कुणीतरी हात घालतंय. कारखान्याची दुसरी किल्ली कुणाकडं आहे? झेबाकडं. प्रोग्रामला फसवायची विद्या कुणाला येते? झेबालाच. आपल्या माघारी ती येते, काहीतरी फिरवते, आपले पत्ते चुकतात, आणि लोक म्हणतात बाईला दिसत नाही. मग एक दिवस त्या खुर्चीवरची बैठक बदलते. सगळं असं नीट जुळल्यावर त्यांना बरंही वाटलं नि भीतीही वाटली. ती खुर्ची गेली तर आपण कोण? मुकुंदवाडीतली सुयशची आई, टीव्हीसमोर शेंगा सोलणारी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना त्यांनी पर्समधली पुडी काढली, देवीचं नाव घेतलं आणि कीबोर्डच्या मोठ्या बटणावर चिमूटभर अक्षता ठेवल्या. हात लागला तर तांदूळ सांडणार. न सांडता त्या मशीनवर कुणी काम करूच शकणार नाही. कुलूप लावताना मनात आलं, देवीच्या अक्षता आपण पहाऱ्याला बसवल्या. मग त्यांनी स्वतःलाच उत्तर दिलं, ती तरी दुसरं काय करते.

सकाळी सगळ्यांच्या आधी त्या पोचल्या. बटणावर एकही दाणा नव्हता. अक्षता पडद्याशेजारी एका छोट्या स्टीलच्या वाटीत होत्या, नीट गोळा केलेल्या.

सुलेखाबाई पर्स खांद्याला तशीच ठेवून दाऊदभाईंच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"दाऊदभाई, एक सांगते. माझ्या मशीनला माघारी हात लागतोय. आता ह्या खोलीत ती तरी राहील, नाय तर मी."

"कौन ती?"

"तुमची पुतणी."

दाऊदभाईंनी तपकिरीची डबी मिटली. या बाईनं इतक्या वर्षांत सुट्टीसुद्धा कधी आवाज चढवून मागितली नव्हती. त्यांनी झेबाला फोन केला. ती कॉलेजच्या आधी तशीच आली, केस ओले, हातात हेल्मेट. बन्सीभाऊंनी माग थांबवला. थांबवण्यासारखं काही नव्हतं, पण थांबवला.

"काल संध्याकाळी आली होतीस?" दाऊदभाईंनी विचारलं.

"हौ चाचा. रोजच येते. प्रत काढायला. काकूंचं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते, मशीन पुन्हा गेलं तर असावं म्हणून."

"मला कधी सांगितलं नाय," सुलेखाबाई म्हणाल्या.

"तुम्ही माझ्याशी बोलता कुठं, काकू?"

यावर बन्सीभाऊंनी खोकल्यासारखं केलं.

"अन् अक्षता?"

"त्या पूजेच्या वाटल्या. दसऱ्याला तुम्ही मशीनला कुंकू लावता ना, तसं काहीतरी असेल म्हटलं. प्रत काढायला बटण दाबावं लागणार. खाली सांडल्या तर पायाखाली येतील. म्हणून वाटीत ठेवल्या." तिनं हेल्मेट खाली ठेवलं. "का? काय होतं ते?"

खोटं सुलेखाबाईंना बोलता येत नाही आणि खरं सांगायची ती वेळ नव्हती. "ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पत्ते कोण बदलतं ते सांग."

"माझ्यासमोर पाडा."

सुलेखाबाईंनी खुर्चीवर बसून मागाची फाईल उघडली. झेबानं वाकून वाचली. दोन्ही काठ लिहिलेले, बरोबर. मग पत्ता पाडला आणि खिडकीत धरला. उजवीकडं काठाची भोकं नव्हती.

झेबानं सुलेखाबाईंकडं बघितलं, आणि त्या नजरेत काय आहे ते सुलेखाबाईंना लगेच ओळखू आलं. मुलीला वाटत होतं, बाईंनीच काहीतरी करून ठेवलंय आणि माझ्यावर ढकलतायत. संशय घेणं त्यांच्या सवयीचं होतं. दुसऱ्यानं घेतलेला संशय मात्र बऱ्याच वर्षांनी अंगावर आला. मागच्या वेळी तो लक्ष्मीबाईंचा होता.

"उठा जरा," झेबा म्हणाली.

सुलेखाबाई खुर्चीवरून उठल्या. झेबा मात्र खुर्चीवर बसली नाही, स्टूल ओढून बसली. तिनं पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. "आता मी प्रोग्रामच्या मागं पाळत लावते. तो कामाला लागला की ज्या ज्या वस्तूला हात लावेल, तिचं नाव इथं उमटेल."

"पाळत लावायची सोय हाय त्याच्यात?"

"आहे की."

सुलेखाबाईंनी वाटीकडं बघितलं.

पडद्यावर ओळी धावल्या. झेबा बोट ठेवून वाचत गेली. "हे त्याचं जुनं सामान मागितलं, मिळालं. ही अक्षरं. हा नक्षा. आणि ही मागाची फाईल..." तिचं बोट थांबलं. मग ती कपाळाला हात लावून म्हणाली, "या अल्ला. ही ती नाहीच. ही आतली आहे."

"आतली म्हंजी?"

"जुन्या डिस्कवरचं सगळंच्या सगळं मी एका कप्प्यात ठेवलं, जसंच्या तसं. ते त्या प्रोग्रामचं आतलं घर. तो काहीही मागू दे, हे मशीन आधी आतल्या घरात शोधतं. तिथं असेल तर तेच देतं. नसेल तरच बाहेरचं. आणि तुम्हाला सापडावं म्हणून तुमच्या कामाचं सगळं मी बाहेरही ठेवलं, त्याच नावानं. तुम्ही पट्टीवरच्या चित्रातून उघडून बदललीत ती बाहेरची. तो वाचत होता आतली, जुनी. इतके दिवस दोन्ही सारख्याच होत्या, म्हणून कळलं नाही. चाचा म्हणाले जुनं फेकू नको. मी फेकलं नाही, आणि विसरले."

दाऊदभाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. "मतलब?"

"दोन माठ," सुलेखाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्या खिडकीला टेकल्या.

"सासूबाई दौलताबादहून आल्या ना, तिथं त्यांचा माठ दाराच्या डाव्या अंगाला असायचा. इथं आल्या तरी तहान लागली की दाराशीच जायच्या, अन् माठ दिसला नाय की रडायच्या. म्हणून मी दाराशी एक माठ ठिवला. माझा एक सैपाकघरात. बाहेर निघताना सुयशला सांगायची, माठ भर रे. तो भरायचा सैपाकघरातला. मी येऊन बघायची तर पाणी ताजं. अन् म्हातारी गल्लीभर सांगायची, सून शिळं पाजते. मला लई लागायचं ते."

"मग?" झेबानं विचारलं.

"मग काय. एक दिवस दाराच्या माठातलं मी पिऊन बघितलं."

मागाजवळून बन्सीभाऊ म्हणाले, "व्हय, आता कळलं." मग त्यांनी पत्त्यांकडं बघितलं. "पण माझे दोन दिवस गेले ते गेलेच."

दाऊदभाईंनी डबी पुन्हा उघडली. "तर मग बाई, कोण राहतंय या खोलीत? सकाळी काय म्हणत होत्या तुम्ही."

सुलेखाबाईंचा चेहरा तापला. "दाराचा माठ भरायचा ऱ्हायलाय तेवढा भरू द्या आधी," त्या म्हणाल्या.

"आतली फाईल काढूनच टाकते," झेबा म्हणाली. "मग तो आपोआप बाहेरची वाचेल."

"फेंकना नक्को," दाऊदभाई म्हणाले.

"नाव बदलून ठिव," सुलेखाबाई त्याच दमात म्हणाल्या. "एका काठाचा माग परत बांधला तर लागंल. अन् थांब. मी बदलते. तू नुसतं दाखव कुठं हाय ते."

झेबानं आतल्या घराची वाट दाखवली. सुलेखाबाई बैठक सारखी करून बसल्या आणि एकेक अक्षर आकार बघून दाबत त्यांनी नाव बदललं. मग एक पत्ता पाडला. उजेडात धरला. झेबाला दिला, तिनं धरला. बन्सीभाऊंना दिला. एवढ्यानं सुलेखाबाईंचं समाधान झालं नाही. सगळी माळ पाडून, शिवून, मागावर चढेपर्यंत त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. दुपार कलली तेव्हा मागाकडून आवाज आला, "आला बाई. दोन्हीकडं आला." मग त्यांनी जाऊन शालीच्या उजव्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि पर्सकडं बघून मनातल्या मनात हात जोडले.

माफी त्यांनी मागितली नाही. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्या आल्या, आणि येताना गोधडीची आणखी एक बैठक घेऊन आल्या, स्टुलाच्या मापाची. ती स्टुलावर ठेवून म्हणाल्या, "बस बेटा. आधी हातानं काढायचं, कागदावर. मग मशीन."

पुतणीनं काम शिकावं असं दाऊदभाईंना वाटत होतं, तो सुलेखाबाईंचा संशय खोटा नव्हता, आणि तो त्यांनी सोडलेलाही नाही. झेबा आता साधी बुट्टी काढते, काठाचा वेलही काढते. फक्त मधलं मोठं फूल, ज्याच्या पाकळ्या एकमेकींच्या खाली जातात, ते त्यांनी तिला अजून दाखवलेलं नाही. बघू म्हणतात.

अक्षतांची वाटी पडद्याशेजारीच असते. झेबा तिला हलवत नाही, भोवतीनं पुसून घेते. सकाळी सुलेखाबाई खुर्चीवर बसताना एकदा वाटीकडं बघतात, मग विचारतात.

"काल आली होतीस का?"

"आले होते. प्रत काढली."

"दोन्हीकडची?"

"दोन्हीकडची, काकू."

सुलेखाबाई मान हलवतात, चष्मा पुसतात, आणि तरीही आतल्या घरात जाऊन एकदा बघून येतात.